दोन लेकरं, एक मच्छरदाणी

गडचिरोलीत सूर्य मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी मावळतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच. पण गडचिरोली ८० अंश रेखांशावर आहे, मुंबई ७३ च्या आसपास, आणि एका अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे डिसेंबरात इथे साडेपाचलाच दिवेलागण होते आणि मे महिन्याच्या शेवटीही पावणेसातच्या सुमारास दिवस बुडतो. उन्हाळ्यात पहाटही तितकीच लवकर, साडेपाचला उजाडलेलं असतं. लहान मुलांना वेळेवर निजवायचं कसं, असं कुणी विचारलं की मी इथूनच सुरुवात करते. मुलाच्या शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं. अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढायला लागतं आणि तास-दीड तासात शरीर झोपेला तयार होतं. गडचिरोली-चंद्रपूरच्या या झाडीपट्टीत रात्रीचे आठ ही लेकरांच्या निजण्याची अगदी साजेशी वेळ आहे. ती आपल्याला आणायची नाही, सांभाळायची आहे.

समजा, घरात मोठी मुलगी सहा वर्षांची आणि धाकटा अडीच वर्षांचा. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली वयानुसार झोपेचे तास ठरवून दिले, ते आज जगभर वापरले जातात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. आता हिशेब मांडू. दोघंही सकाळी सहाला उठतात. आठला झोपली तर मोठीला दहा तास मिळाले. धाकट्याला रात्रीचे दहा आणि दुपारचा दीड, म्हणजे साडेअकरा. दोघांचंही भागलं. तीच दोघं मालिका संपेपर्यंत दहा वाजेतो जागली तर मोठीला आठच तास मिळतात आणि रोज किमान एक तास अंगावर बसत जातो. असं मूल सुस्त दिसेलच असं नाही. झोपेची वेळ टळली की लहान मूल चेकाळतं, उड्या मारतं, क्षुल्लक कारणावरून रडतं, आणि घरचे म्हणतात, “याला झोपच नाही.” झोप आलेली असते. ती एक तासापूर्वी येऊन गेलेली असते.

पहिली अडचण जागेची. मुलांची वेगळी खोली असं आपण बोलतो खरं, पण चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, बल्लारपूरच्या चाळीत किंवा भामरागड-एटापल्लीकडच्या कवेलूच्या घरात ती बहुतेक नसते. तिथेच स्वयंपाक, तिथेच टीव्ही, तिथेच आबाजींची खाट, आणि कोपऱ्यात या दोघांचं अंथरूण. म्हणून मी मच्छरदाणीलाच त्यांची खोली मानते. तिला चार भिंती आहेत, छत आहे, आत-बाहेर आहे. दोन लेकरांचा निजण्याचा सगळा क्रम या मच्छरदाणीभोवती बांधता येतो, आणि या दोन जिल्ह्यांत तो तसाच बांधावा, याला भक्कम कारणं आहेत.

एक कारण सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोली वर्षानुवर्षं पुढे राहिला आहे. हिवताप पसरवणारी अ‍ॅनोफिलीस डासाची मादी रात्री चावते, म्हणजे नेमकी लेकरं निजलेली असतात तेव्हा. दुसऱ्या कारणाबद्दल आपण कमी बोलतो. मण्यार हा साप रात्री फिरतो, घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूज येत नाही, खूण जेमतेम दिसते. नेपाळच्या तराईत, जिथे लोक आपल्यासारखेच जमिनीवर झोपतात, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका पुष्कळ कमी असतो, असं अभ्यासात दिसून आलं आहे. अट एकच. मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली हवी. नुसती वरून सोडलेली मच्छरदाणी साप अडवत नाही, डासही अडवत नाही.

म्हणून क्रमाचा गाभा हा: मच्छरदाणी खोचली की दिवस संपला. त्यानंतर एक गोष्ट तेवढी, पण पाणी नाही, खेळणं नाही, मोबाइल नाही, बाहेर येणं नाही. त्याआधी जे काही करायचं ते सगळं करून घ्यायचं. आता ते एकेक पाहू.

सुरुवात दुपारी होते. धाकट्याची दुपारची झोप तीनच्या आत संपायला हवी. दिवसभर जागं राहिल्याने शरीरात झोपेची ओढ साठत जाते. चार-पाचला झोपून उठलेल्या मुलाकडे ती आठ वाजता नसतेच. अंगणवाडीतून येऊन तो उशिरा झोपत असेल तर अर्ध्या तासाने उठवा, थोडी कुरकुर झाली तरी चालेल. मोठीला दुपारच्या झोपेची गरज नाही, सकाळच्या शाळेचे दिवस सोडले तर. तिचा अभ्यास दिवेलागणीच्या आधी अंगणातल्या उजेडात झाला तर उत्तम. पहिलीच्या मुलीचा अभ्यास रात्री आठपर्यंत चालू ठेवण्यासारखा काही नसतो.

दिवस बुडताना दोघंही घरात. जंगलालगतच्या गावांत ही शिस्त पूर्वीपासून आहे आणि वाघ-बिबट्यांच्या वावरामुळे ती पाळावीच लागते. हातपाय धुणं, मग जेवण. पावणेसात-सातला गरम वरण-भात पोटात गेला की आठपर्यंत तो थोडा खाली बसतो. उशिरा जेवून लगेच आडवं होणारं मूल तळमळतं, आणि रात्री पाण्यासाठी उठतं. जेवणाबरोबर पाणी भरपूर द्या, पण साडेसातनंतर घोटभरच.

जेवणानंतर उजेड कमी करायचा. या पायरीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते, आणि सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. लहान मुलांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या आणि भिंग नितळ असतं. त्यांच्या डोळ्यात मोठ्यांपेक्षा जास्त उजेड शिरतो. कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधीचा तासभर प्रखर उजेडात खेळू दिलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी दबलं, आणि दिवा बंद केल्यावर पाऊण तासानेही बहुतेकांचं पूर्ववत झालं नाही. प्रयोगातला दिवा घरच्या ट्यूबलाइटपेक्षा पुष्कळ प्रखर होता हे खरं. पण नाकापासून वीतभर अंतरावर धरलेला मोबाइल आणि डोक्यावरची पांढरी ट्यूब, दोन्ही मिळून तासभर चालू राहिली तर झोप मागे सरकते, हे कुठल्याही घरात अनुभवता येतं. सातनंतर ट्यूब बंद, पिवळा छोटा बल्ब चालू. स्वयंपाकाच्या ओट्याकडे दिवा लागणारच. तो मुलांच्या पाठीमागे राहील असं अंथरूण फिरवा.

टीव्हीचा प्रश्न नाजूक आहे. आजीची मालिका सातला सुरू होते आणि तिच्या दिवसभराच्या कष्टात तेवढाच विसावा असतो. तो काढून घ्या असं मी म्हणणार नाही. दोन घरांत मी असं पाहिलं की आजी जेवणाआधीची एक मालिका बघते, मग लेकरं निजेपर्यंत टीव्ही बंद, आणि साडेआठला तो पुन्हा लागतो, आवाज लहान करून. एकदा मूल गाढ झोपलं की बारीक आवाजाने ते उठत नाही. झोप लागण्याआधीचा पाऊण तास तेवढा जपायचा आहे. हे आजीला आदेशासारखं न सांगता तिच्याशी बोलून ठरवावं. निजवण्यात ती बरोबर असली तर निम्मं काम होतं.

मग अंग पुसणं किंवा आंघोळ. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं, आणि ती उष्णता मुख्यतः हातापायांच्या तळव्यांतून बाहेर जाते. थंडीत कोमट पाण्याने पाय धुतले की तळव्यांतल्या रक्तवाहिन्या फुलतात, उष्णता बाहेर पडते आणि डोळे जड होतात. गार पायांनी मूल जागं राहतं. उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो आणि सिमेंटचं छत दिवसभर शोषलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतं. तिथे साध्या पाण्याची आंघोळ, संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडणं, आणि कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी ठेवणं. बंद खोलीत कूलर चालवला की हवा दमट होते, घाम वाळत नाही, आणि मुलं किरकिरत राहतात. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी कोरडी घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

आता शेवटची पंधरा-वीस मिनिटं. दोघांनाही एकदम शौचालयाला न्यायचं, हातात टॉर्च, पायात चप्पल. “मला नाही लागली” म्हणणाऱ्यालाही न्यायचं. अंगणापलीकडचं शौचालय असेल तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण रात्री दोन वाजता सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बाहेर पडणं या भागात कुणालाच नको असतं. धाकटा अजून अंथरूण ओलं करत असेल तर त्याला त्यावरून बोलू नका. पाच वर्षांपर्यंत ते सर्रास होतं. त्याच्या अंगाखाली वेगळी मेणकापडाची पट्टी घाला, म्हणजे मोठी भिजत नाही आणि मध्यरात्रीचं भांडण टळतं.

अंथरूण झटकायचं, टॉर्चने कोपरे आणि उशीखाली बघायचं. अंथरूण भिंतीपासून हातभर लांब असावं. साप भिंतीच्या कडेकडेने सरकतो, आणि मच्छरदाणीला चिकटलेल्या हाताला डास जाळीतूनही चावतो. म्हणूनच दोघांसाठी एकाच्या मापाची मच्छरदाणी पुरत नाही. धानाची पोती निजण्याच्या जागेजवळ नकोत. पोत्यांकडे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप. खाट असेल तर खाटेवरच निजवा. फक्त खाटेवरून लोंबणारी गोधडी जमिनीला टेकू देऊ नका.

मच्छरदाणीत आधी धाकटा जातो. दोघांना एकाच वेळी आत सोडलं की खिदळणं सुरू होतं, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटात जातो, आणि अर्धा तास वाया जातो. धाकट्याला आई किंवा आजी दहा मिनिटं थोपटते. या दहा मिनिटांत मोठी बाहेर बसते, आणि हा वेळ फक्त तिचा असतो. धाकटं भावंड आलं की मोठ्याचं आईजवळ एकटं बसणं जवळजवळ संपतं. मग ते मूल रात्री कुरापती काढतं, कारण निदान रागावण्यासाठी तरी आई त्याच्याकडे बघते. त्या दहा मिनिटांत बाबांनी किंवा आबाजींनी तिच्याशी हळू आवाजात शाळेतलं बोलावं, वेणी सोडावी, उद्याची पाटी-वही पिशवीत भरावी. ज्या दिवशी आई मोकळी असेल त्या दिवशी आलटूनपालटून आजी धाकट्याकडे, आई मोठीकडे. हे रोज घडलं तर भांडणं आपोआप कमी होतात. मी हे इतक्या खात्रीने सांगते, कारण ज्या घरात मोठ्याला असा वेळ मिळतो तिथे ते मूल धाकट्याला निजवायला मदत करू लागतं.

मोठीला एक काम द्या: मच्छरदाणी खोचण्याचं. आत गेल्यावर ती चारही बाजू आतून खोचते, आई बाहेरून टॉर्च फिरवून बघते. एखाद्या बाजूला बोटभर फट राहिली तर आई तिथे टॉर्चचा उजेड स्थिर धरते आणि मोठी ती कडा पुन्हा गादीखाली सारते. सहा वर्षांच्या मुलीला हे काम नीट जमतं, आणि त्याचा तिला अभिमान वाटतो. “खोचली?” “खोचली.” एवढं रोज त्याच शब्दांत बोललं गेलं की धाकट्यालाही कळतं, आता काही होणार नाही, आता झोपायचं.

गोष्ट एकच, दोघांना मिळून, दिवा अगदी मंद करून. तीच गोष्ट रोज सांगितली तरी हरकत नाही. लहान मुलाला पुढे काय होणार हे माहीत असणंच हवं असतं. गोष्ट घरच्या भाषेत सांगा. माडियात, गोंडीत, झाडीबोलीत, तेलुगूत, जी आजी बोलते त्या भाषेत. शाळेची मराठी दिवसभर कानावर पडते. रात्रीची पाच मिनिटं घरच्या बोलीची असू द्यावीत.

एक गोष्ट मात्र निजताना कधीच सांगू नका, आणि ही मी कळकळीने सांगते. “झोप, नाहीतर वाघ येईल.” इतर ठिकाणी ही नुसती धमकी असेल. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या दोनशेच्या घरात आहे आणि मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण आणायला गेलेली माणसं दरवर्षी वाघांच्या हल्ल्यात दगावतात. गावातल्या मुलाने कुणाच्या तरी घरचा आक्रोश ऐकलेला असतो. त्याच्यासाठी वाघ खराच असतो. अशा मुलाला अंधारात वाघाची भीती घातली तर ते डोळे मिटतं, पण झोपत नाही. आणि शेजारचं धाकटं त्याला बिलगून रडायला लागतं. मोठीने स्वतःहून वाघाचं विचारलं तर खरं सांगा: दार लावलेलं आहे, कडी घातलेली आहे, आपण सगळे आत आहोत, सकाळी उजाडल्याशिवाय कुणी बाहेर जाणार नाही. मुलाला खोट्या धीरापेक्षा ही चार वाक्यं जास्त पुरतात.

दिवा मालवल्यावर धाकटा उठून बसतो, “पाणी” म्हणतो, मच्छरदाणी उचकतो. पहिल्या काही रात्री हे होणारच. प्रत्येक वेळी त्याच शांतपणे, एकही नवा शब्द न बोलता, त्याला आडवं करून पुन्हा खोचा. ओरडलं की त्याला खेळ मिळतो. समजावत बसलं तरी मिळतो. कंटाळवाणं वागणं इथे उपयोगी पडतं. दोघं कुजबुजत असतील तर कुजबुजू द्या. पाच-दहा मिनिटांत कुजबुज आपोआप थांबते, आणि भावंडांच्या नात्यात त्या अंधारातल्या बोलण्याला फार मोल आहे.

रात्री एक रडलं की दुसरं उठेल या धास्तीने आपण झटकन उठतो. थोडं थांबा. लहान मुलांची झोप तास-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी मूल जरा जागं होतं, कूस बदलतं, कण्हतं आणि पुन्हा झोपतं. झोप लागताना जे आजूबाजूला होतं तेच तेव्हा दिसलं तर ते पुढे झोपतं. मांडीवर झोपलेलं मूल जाग येताच अंथरुणावर सापडलं, किंवा मोबाइल बघत झोपलेल्याला तो दिसला नाही, की ते पूर्ण जागं होऊन रडतं. म्हणून थोपटावं, पण शेवटची डुलकी त्याला अंथरुणावरच लागू द्यावी. शेजारी झोपलेली मोठी पहिल्या दोन-तीन तासांत गाढ झोपेत असते; धाकट्याच्या रडण्याने ती क्वचितच उठते. मूल झोप लागल्यावर तास-दोन तासांत एकदम किंचाळून उठलं, डोळे उघडे आणि तरी ओळखत नाही, तर त्याला हलवून जागं करू नका, नजर काढण्याची घाईही करू नका. ही झोपेतलीच घाबरगुंडी असते, सकाळी त्याला काहीच आठवत नाही, आणि जागरणानंतर ती जास्त दिसते.

दोन प्रसंगांत मात्र अजिबात हयगय करायची नाही. अंग तापलेलं लागलं तर सकाळ होताच आशाताईंकडे नेऊन रक्ताची तपासणी करून घ्या. मुलाला झटके येत असतील किंवा ते हाक मारूनही उठत नसेल तर सकाळचीही वाट बघू नका. आणि पावसाळ्याच्या रात्री मूल पोटदुखीने उठलं, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, बोलणं अडखळू लागलं, तर अंगावर खूण दिसो न दिसो, मण्यारीचा दंश समजून १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

वर्षाच्या आतलं बाळ घरात असेल तर ते या दोघांमध्ये झोपवायचं नाही. झोपेत मोठ्या मुलाचा हात, पाय, गोधडी बाळाच्या तोंडावर येऊ शकते. ते आईजवळ, पण वेगळ्या छोट्या अंथरुणावर, पाठीवर झोपवलेलं असावं.

आता पाळीची घरं. खाणीत, वीज केंद्रात, सिमेंट कारखान्यात बाबांची पाळी आठवड्या-आठवड्याला बदलते. दुसऱ्या पाळीचे बाबा मध्यरात्री घरी येतात, आणि लेकरांना बघायचा, उचलून घ्यायचा मोह होतो. तो मोह समजतो, तरी उठवू नका. त्यांचं ताट झाकून बाहेरच्या खोलीत ठेवा, कपडे तिथेच काढून ठेवा, म्हणजे मोठा दिवा लावावा लागत नाही. त्या आठवड्यात बाबांची वेळ सकाळी ठेवा: मोठीला शाळेत सोडणं, धाकट्याची आंघोळ. रातपाळीच्या आठवड्यात निजवण्याचं काम बाबांनीच करून मग डबा घेऊन निघावं, तेवढं जमतं. माणसं बदलतात, क्रम बदलत नाही. अंधार, जेवण, मंद दिवा, पाय धुणं, शौचालय, मच्छरदाणी, गोष्ट. पायऱ्या त्याच आणि त्याच ओळीने आल्या तर आठचे साडेआठ झाले तरी मूल झोपतं. घड्याळापेक्षा ओळ महत्त्वाची, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्याकडच्या वर्षाचे हंगाम बघितले की ते पटतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. माणसं पहाटे अंधारातच झाडाखाली पोचतात, आणि त्याच सुमारास उन्हामुळे शाळा सकाळच्या होतात. घरातली हालचाल चारला सुरू झाली की लेकरंही उठतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचं ठरवलं ते मुलांच्या झोपेसाठीच, पण विदर्भाच्या उन्हापुढे सकाळच्या शाळेला पर्याय नसतो. मग निजणं साडेसातवर आणायचं, एकदम नाही, दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटांनी. या दिवसांत मोठीलाही दुपारी तासभर झोपू द्या. मे महिन्यात अंगणात खाटा पडतात. तिथेही चार काठ्या बांधून मच्छरदाणी लावायचीच, आणि जंगलालगतच्या गावात अंगणात निजणं टाळायचंच.

दिवाळीनंतर मंडई येते, शंकरपट येतात, आणि होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगावी फिरतात, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि उजाडताना पडतो. मुलांना नाटकाला नेऊ नका असं मी म्हणणार नाही. ती आपली रंगभूमी आहे, आणि सतरंजीवर आजीच्या मांडीत नाटक बघत झोपी जाणं प्रत्येक झाडीपट्टीच्या लेकराच्या वाट्याला यावं. फक्त दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपू देऊ नका. आठ-साडेआठला उठवा, जेवणानंतर दोघांनाही तासभर झोपवा, आणि त्या रात्री नेहमीपेक्षा अर्धा तास आधी मच्छरदाणी खोचा. दोन रात्रींत घडी पुन्हा बसते. सलग चार गावांची नाटकं करत राहिलं तर बसत नाही.

आश्रमशाळेत शिकणारं मोठं भावंड दिवाळीला किंवा उन्हाळ्यात घरी आलं की वेगळंच होतं. ते घंटेवर उठायला, घंटेवर झोपायला शिकलेलं असतं, आणि घरी आल्यावर सगळी ओळ सोडून देतं. त्याला पहिले दोन दिवस मोकळं सोडा. मग धाकट्याला गोष्ट सांगण्याचं काम त्याच्याकडे द्या. आठ-दहा वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला वसतिगृहातल्या गमती सांगताना जितक्या लवकर तिला झोप लागते तितक्या लवकर ती आईलाही लावता येत नाही.

किती दिवसांत जमेल, हा नेहमीचा प्रश्न. अमेरिकेत जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ४०५ आयांबरोबर अभ्यास केला. सात महिने ते तीन वर्षांची मुलं होती, आणि आयांना एवढंच सांगितलं होतं की रोज आंघोळ, मग अंग चोळणं, मग शांतपणे जवळ घेणं, आणि अर्ध्या तासात दिवा बंद. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली, आणि आयांची मनःस्थितीही सुधारली. आपल्याकडे दोन मुलं, एक खोली आणि पाळीचं घर धरून तीन आठवडे द्या. तिसऱ्या-चौथ्या रात्री धाकटा सगळ्यात जास्त विरोध करतो, आणि बहुतेक घरं तिथेच सोडून देतात. तिथे सोडू नका.

आज संध्याकाळी आधी एकच काम करा. मच्छरदाणी काढून उजेडासमोर धरा, भोकं दिसतील ती सुईदोऱ्याने शिवा. औषध लावलेली असेल तर सौम्य साबणाने धुवा आणि सावलीतच वाळवा, उन्हाने तिचं औषध उतरतं. दोघांना लहान पडत असेल किंवा फाटून गेली असेल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मोठ्या मापाची मागा. निजण्याची वेळ उद्यापासून ठरवता येईल.